साडेसहाची गाडी

आमच्या गावात ‘गाडी’ या शब्दाला एकच अर्थ आहे. दारात बुलेट उभी असो, पाव्हण्यांची चारचाकी आलेली असो, दूध संस्थेचा टेम्पो हॉर्न वाजवत गेलेला असो. ‘गाडी गेली का?’ असं कुणी विचारलं की ती एसटीच. तिला ‘लालपरी’ म्हणायची टूम अलीकडची. आमच्याकडे ती परी कधीच नव्हती. वैतागलो की लाल डबा, एरवी नुसती गाडी.

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि बावीस वर्षं या गाडीनं जा-ये करते. त्यामुळे गेल्या वर्षी ग्रामसभेत ‘संध्याकाळची साडेसहाची गाडी परत सुरू करा’ असं निवेदन आगाराला द्यायचं ठरलं, तेव्हा ते लिहायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. शिकवणाऱ्या बाईला अर्ज लिहिता येतोच, अशी गावाची समजूत. मीही लिहिलं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ पासून ‘तरी मेहेरबान साहेबांनी’ पर्यंत सगळं रीतसर. तात्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं.

“असलं पत्र दर दोन सालाला जातंय की, मॅडम. त्यावर पोच म्हणून शिक्का मारून देत्यात. आपल्याकडं चार शिक्कं हाईत.”

म्हणून मग पाचवा शिक्का आणण्याऐवजी, एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर, मी आगारात जाऊन बसले.

आगार म्हणजे मला आजवर स्टँडच्या मागची ती डिझेलच्या वासाची जागा एवढंच ठाऊक होतं. आतल्या साहेबांनी चहा मागवला, आमच्या गावाचं नाव ऐकून एक फाईल काढली आणि सांगितलं, “तुमच्या साडेसहाच्या फेरीचं भारमान चोवीस टक्के होतं.” हा शब्द एसटीत फार वजनाचा. गाडीत किती जागा होत्या आणि त्यातल्या किती भरल्या, याचा तो हिशेब. चोवीस टक्के म्हणजे चव्वेचाळीस सीटच्या गाडीत दहा-अकरा माणसं. मी म्हटलं, साहेब, मी त्या गाडीत उभी राहून आलेली बाई आहे. ते हसले. म्हणाले, कुठपर्यंत उभ्या होता?

आणि तिथं मी अडकले. कारण उभी असायचे ती पहिल्या टप्प्यापर्यंत. तालुक्यापासून पहिल्या सहा किलोमीटरवर, म्हणजे एसटीच्या भाषेत एका टप्प्यावर, मोठं गाव आहे. निम्मी गाडी तिथं रिकामी होते. पुढच्या फाट्यावर आणखी. तिथून आमच्या गावापर्यंतच्या दोन टप्प्यांत सात-आठ डोकी, दोन खताची पोती आणि एखादं कोंबडीचं डालगं. भारमान काढताना माणसं नुसती मोजत नाहीत, ती किती किलोमीटर बसली तेही धरतात. म्हणजे गाडी सुटताना खच्चून भरलेली असूनही कागदावर ती चोवीस टक्क्यांची होऊ शकते. वर ती रात्री साडेसातला आमच्याकडून परत निघायची तेव्हा चिटपाखरू नसायचं. रात्री साडेसातला आमच्या गावातून तालुक्याला कोण कशाला जाईल?

साहेब खलनायक असते तर हा लेख लिहायला सोपा गेला असता. ते तसे नव्हते. त्यांनी मला आत नेऊन वाहतूक निरीक्षकांच्या टेबलावरचा तो मोठा तक्ता दाखवला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की ‘आमची गाडी’ असं काही नसतंच. सकाळी आम्हाला घेऊन येणारी गाडी पुढे जिल्ह्याला जाते, तिथून दुपारी परतते, मग दुसऱ्याच खोऱ्यात शाळेची फेरी करते, तिथं चालक-वाहक बदलतात आणि मग ती आमची संध्याकाळची पाच दहाची होते. याला ते शेड्यूल म्हणतात. एका गाडीचा एक दिवस. त्यात चालकाचे ड्युटीचे तास, डिझेल भरायची वेळ, वर्कशॉपचा दिवस, सगळं ओवलेलं. एक मणी हलवला की बाकीचे सरकतात. त्या दुसऱ्या खोऱ्यातला रस्ता खणून ठेवला की तिथल्या कुणाचा तरी राग आमच्या स्टँडवर निघतो, आणि आम्ही समजतो की कंट्रोलर झोपलाय.

शिवाय गाड्याच कमी. करोनाच्या आधी सगळ्या महाराष्ट्रात मिळून १८ हजारांच्या आसपास एसटी गाड्या होत्या. पुढच्या काही वर्षांत त्या १५ हजारांच्या घरात आल्या. जुन्या भंगारात गेल्या, नव्या वेळेवर आल्या नाहीत. मध्ये २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत, एसटी राज्य सरकारात विलीन करा म्हणून, कर्मचाऱ्यांचा संप झाला. पाच-साडेपाच महिने खेड्यापाड्यांनी गाडीचं तोंड पाहिलं नाही. त्या काळात आमच्या गावात अकरा मोटरसायकली नव्यानं आल्या आणि वडापच्या दोन जीपांच्या चार झाल्या. संप मिटला तेव्हा आगारात आधी लांबच्या गाड्या सुटल्या, मग तालुका-जिल्हा, मग खेड्यांच्या सकाळच्या. साडेसहाची कुणी बंद केली नाही. ती परत सुरू करायची राहून गेली, एवढंच.

वडाप हा शब्द सातारा-कोल्हापूरकडच्या बाहेर कदाचित समजायचा नाही. मराठवाड्यात, खानदेशात काळी-पिवळी म्हणतात तेच हे. जीप उभी राहते, माणसं गोळा होतात, नऊची सोय असलेल्या जीपमध्ये चौदा झाली की निघते. मला वडापवाल्यांचा राग नाही. अडल्या रात्री बाळंतिणीला त्यांनीच नेलेलं आहे. पण ‘भरली की सुटणार’ हा त्यांचा कायदा, आणि त्या कायद्यावरून मला एसटीचा जन्म आठवतो.

एसटीचा वाढदिवस १ जून. (आमच्या आधीच्या पिढीतल्या निम्म्या माणसांचाही शाळेच्या दाखल्यावरचा वाढदिवस १ जूनच, कारण नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली ती तारीख. त्यामुळे एसटी अगदी घरचीच वाटते.) १९४८ साली त्या दिवशी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली. बेडफर्ड कंपनीची, लाकडी बांधणीची, तीस माणसांची. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. नगर ते पुणे तिकीट अडीच रुपये. त्याआधी रस्त्यावर मोटारी नव्हत्या असं नाही. खासगी सर्व्हिस मोटारी होत्याच, आणि त्यांचा कायदा आजच्या वडापचाच होता. मोटार भरली की सुटणार, नाही भरली तर मालक सांगेल तेव्हा. माझे आजोबा सांगायचे, सकाळी सातला स्टँडवर गेलेला माणूस अकराला तिथंच शेंगा खात बसलेला दिसे.

एसटीनं नवं आणलं ते इंजिन नव्हे, लाल रंगही नव्हे. गाडी रिकामी असली तरी ठरल्या वेळेला सुटेल, हे नवं. टिंग टिंग. कंडक्टरनं दोन वेळा दोरी ओढली की निघाली; आत तीन माणसं का असेनात. मग ती तीन माणसं दुसऱ्या दिवशी चौथ्याला सांगतात. ‘बहुजन हिताय बहुजन सुखाय’ हे ब्रीद गाडीवर रंगवलेलं असतं, पण त्याचा अर्थ पोचतो तो या टिंग टिंगमधून. आणि आता प्रत्येक फेरीला ‘तू किती भरलीस?’ असं विचारून जी भरली नाही ती बंद करत गेलो, तर आपण पुन्हा ‘भरली की सुटणार’ कडेच चाललोय. फक्त मालकाच्या जागी तक्ता आहे.

हे सगळं मी साहेबांना त्या दिवशी बोलले नाही. एवढं मला तेव्हा सुचलंही नव्हतं. ते म्हणाले, “मॅडम, गैरसोय होते हे सगळेच लिहितात. मला वर दाखवायला आकडा द्या.” मी म्हटलं, देते. आकड्यांची भीती रसायनवालीला नसते.

तीन आठवडे मी एक वही घेऊन गाडीत बसले. दोनशे पानी, पोरांची जर्नलं असतात तसली. सकाळच्या सव्वासातच्या गाडीत जो चढेल त्याला विचारायचं, कुठं निघालात, आणि संध्याकाळी कशानं येणार? पहिले दोन दिवस लोकांना वाटलं मी जनगणनेचं काम घेतलंय. एका आजीनं तर रेशनकार्डच काढून दाखवलं.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की मी चुकीच्या गाडीत बसलेय. साडेसहाची माणसं मोजायला मी सकाळच्या गाडीत बसले होते आणि सकाळची गाडीच निम्मी झालेली होती. पूर्वी सव्वासातला दारात लोंबकळायला लागायचं. ती माणसं गेली कुठं? मग मी वही घेऊन गावात फिरले. एमआयडीसीत जाणारी चार पोरं. त्यांची पाळी सहाला सुटते, परतायला गाडी नाही म्हणून जातानाही मोटरसायकल. कापडाच्या दुकानातल्या दोघी. मालक सहाच्या आत सोडत नाही, म्हणून दोघींनी काम सोडलं. बँकेत, तहसीलला, दवाखान्यात जाणारी माणसं. तिथले साहेब जेवून आल्यावर काम होतं आणि पाच दहाची चुकते, म्हणून जाताना जी सोय होईल ती बघायची आणि येतानाही तीच.

म्हणजे साडेसहाची गाडी बंद झाली तेव्हा फक्त साडेसहाची दहा-अकरा माणसं गेली नव्हती. सकाळचीही वीसएक गेली होती. परतीची खात्री नसेल तर माणूस निघतच नाही. आणि सगळेच काही साडेसहाला परतत नसत. कित्येकजण पाच दहाला यायचे, पण ‘चुकलीच तर साडेसहाची आहे’ या भरवशावर निघायचे. ज्या गाडीत ते बसलेच नाहीत तिच्या जिवावर ते सकाळी तिकीट काढत होते. हे भारमानाच्या कोणत्या रकान्यात लिहायचं? साडेसहाच्या फेरीची कमाई सव्वासातच्या फेरीच्या खात्यावर जमा होत होती आणि तोटा मात्र तिच्या स्वतःच्या नावावर. घरात अशा बायका असतात.

माझ्या वर्गाचंही सांगायला हवं. आमचं प्रॅक्टिकल तीन ते पाच. पाच दहाची गाडी पकडायची तर मुलींना पावणेपाचला प्रयोगशाळा सोडावी लागते. टायट्रेशन म्हणजे ब्युरेटमधून थेंब-थेंब सोडत रंग कधी पालटतो ते बघायचं काम, घाईचं नव्हेच. खोऱ्यातल्या पोरी शेवटी नळ सरळ सोडून देतात, शेजारणीचं रीडिंग उतरवतात आणि दप्तर उचलतात. मी ते बघते आणि बघितलं नाही असं करते. मलाही तीच गाडी असते.

मग अर्ध्या तिकिटाची गोष्ट. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं झालं. त्याआधी २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट. यावर टीका करणारे पुष्कळ भेटतात, मी त्यांच्यातली नाही. आमच्याकडे ज्या बायका वर्षातून दोनदा तालुका बघायच्या त्या दर गुरुवारच्या बाजाराला जायला लागल्या. पण वहीत जमा झालं ते असं की, जाताना एसटीनं निम्म्या तिकिटात आणि येताना वडापनं पुऱ्या पैशात. सरकारनं दिलेली सवलत संध्याकाळी जीपवाल्याच्या खिशात. आजीबाई सकाळी फुकट आणि रात्री चाळीस रुपये, वर मांडीवर कुणाचं तरी पोर.

वही घेऊन मी परत आगारात गेले. निरीक्षकांनी ती पानं माझ्यापेक्षा बारकाईनं वाचली. त्यांना खरं तर हे सगळं ठाऊक होतं. ते स्वतः वाहक म्हणून लागलेले, पुढे परीक्षा देऊन वर आलेले. म्हणाले, “तुमच्या गावाला पूर्वी मुक्कामाची गाडी होती, आठवतं?”

आठवत होतं. मुक्कामी गाडी संध्याकाळी येते, रात्री गावातच झोपते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. म्हणजे रात्रीची रिकामी परती वाचते, पहाटेचं रिकामं येणं वाचतं, आणि संध्याकाळची शेवटची व सकाळची पहिली या दोन्ही मिळून एकच गाडी होते. मी ज्या दोन फेऱ्यांचं नातं तीन आठवडे वहीत शोधत होते ते एसटीनं कितीतरी वर्षांपूर्वी एका शब्दात बांधून ठेवलेलं होतं. मग ती बंद का झाली?

“तुमच्या गावानं केली,” ते म्हणाले.

आमची मुक्कामी गाडी ग्रामपंचायतीच्या समोर उभी राहायची. चालक-वाहक गाडीतच झोपायचे. कंडक्टर पैशाची बॅग उशाला घेऊन. खाली डास, वर पावसाळ्यात गळणारं छत. सकाळच्या विधीला ओढ्याकाठी. पुढे गाव हागणदारीमुक्त झालं, पाटी लागली, आणि या दोघांनी कुठं जायचं हे कुणी ठरवलं नाही. एका रात्री कुणीतरी दारू पिऊन गाडीच्या काचेवर दगड मारला. तक्रार झाली नाही, गावाची अब्रू म्हणून. पण आगारात ड्युटी लावायची वेळ आली की आमच्या गावाचं नाव निघताच रजेचे अर्ज यायला लागले. शेवटी मुक्काम रद्द करून सायंकाळची जाऊन-येऊन फेरी केली. तिचं भारमान चोवीस टक्के. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

हे मी ग्रामसभेत जसंच्या तसं सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. आमच्या गावाला एसटीविरुद्ध बोलायची सवय होती, स्वतःविरुद्ध नव्हती.

सुधारणा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे. वातानुकूलित गाडी, पुढे फिरती अक्षरं, स्टँडवर चकचकीत फरशी. मलाही शिवनेरीत बसायला आवडतं, खोटं कशाला बोलू. २०२२ च्या १ जूनला त्याच पुणे-नगर मार्गावर विजेवरची शिवाई सुरू झाली तेव्हा बातमी वाचून बरं वाटलं होतं. पण राज्यात सुमारे अडीचशे आगारं आहेत आणि प्रत्येक आगारात आमच्यासारखी काही गावं, ज्यांची सुधारणा म्हणजे एक खोली, दोन खाटा, मच्छरदाण्या, आतून कडी लागणारा दरवाजा आणि पाणी असलेला संडास. हे कोणत्याही आराखड्यात बघायला मिळत नाही, कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही. आमच्याकडे मात्र तात्यांनी नारळ फोडलाच. दूध संस्थेच्या मागची खोली मिळाली, पंखा माहेरवाशिणींच्या भिशीतून आला, आणि रात्रीचं जेवण कोणत्या आळीनं द्यायचं याच्यावरून जे भांडण झालं ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

आगारानंही दोन गोष्टी केल्या. एक, वेळ साडेसहाऐवजी सहा चाळीस ठेवली, कारण जिल्ह्याहून येणारी जलद गाडी साडेसहाला स्टँडवर लागते. तिच्यातून उतरणाऱ्याला समोर आमची गाडी दिसली पाहिजे. आधी ती सुटून गेल्यावर यांनी स्टँडवर उतरायचं, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. दहा मिनिटांचा फरक, एका पैशाचा खर्च नाही. दोन, ही गाडी तीन महिने भारमान न बघता चालवायची, असं तोंडी ठरलं. लेखी मागितलं तेव्हा साहेबांनी पुन्हा चहा मागवला.

वेळापत्रक मी शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतलं. पेंटरनं सहा चाळीसच्या खाली हौसेनं एक गाडी काढली. ती थोडीशी बैलगाडीसारखी दिसते.

पहिल्या सोमवारी मी प्रॅक्टिकल पाचपर्यंत घेतलं. पोरींनी ब्युरेटा धुऊन ठेवल्या, स्टँडवर जाऊन वडापाव खाल्ला. सहा चाळीसच्या गाडीत आम्ही सगळे मिळून नऊजण होतो, फाट्यानंतर सहा. गावात उतरलो तेव्हा अंधार पडत होता आणि पारावर बरीच माणसं गाडी बघायला जमली होती. बसायला एकही गेला नव्हता. चालकानं गाडी वळवून दूध संस्थेच्या भिंतीला लावली. कंडक्टर नवा मुलगा, मराठवाड्यातला. त्यानं मशीनमधून हिशेबाची पट्टी काढली, पैसे मोजले आणि पारावरच्या आक्कांना विचारलं, “मावशी, उद्या सकाळच्याला किती जण असतील हो?”

आक्का तंबाखू मळत होत्या. त्यांनी एकदा गाडीकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं.

“आदी चार दिस ईवू दे तुजी गाडी,” त्या म्हणाल्या, “मग सांगते. जेवलास का?”